कोपीचा भाडेकरारनामा कुठून आणू, मंत्रिमहोदय?

मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

मी समाजशास्त्रात पीएचडी करते. विषय ऊसतोड मजूर बायकांचा. थकलेली फेलोशिप दिवाळीपूर्वी जमा होईल, असं आमच्या उपोषणाच्या मांडवात येऊन सांगितलं गेलं होतं. टाळ्याही पडल्या. दिवाळी गेली आणि काल पैशांऐवजी फाइल परत आली. त्रुटी दोन: संशोधन केंद्रावर हजेरी कमी, आणि घरभाडे भत्त्यासाठी भाडेकरारनामा नाही.

साहेब, गेल्या हंगामात मी बीडच्या ऊसतोड टोळीबरोबर उसाच्या फडाच्या कडेला कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, राहिले. बायका पहाटे चारला उठून भाकऱ्या थापतात, मग दिवसभर फडात. बोलायला सापडतात त्या रात्री चुलीपुढे. तिथे बायोमेट्रिक मशीन नव्हतं. आणि करारनामा कुणाशी करायचा, टोळी आणणाऱ्या मुकादमाशी? गाइडांचं क्षेत्रकार्याचं पत्र सही-शिक्क्यानिशी फाइलला टाचलेलं आहे. कुणी पान उलटलं असतं तर दिसलं असतं.

पैशांअभावी यंदाचा हंगाम हातचा जातोय. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की टोळ्या गावी परतणार, मग बसा पुढच्या वर्षाची वाट बघत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमात पीएचडीला सहा वर्षं. आईच्या पाटल्या गहाण आहेत. खानावळीच्या मावशी हल्ली उधारी मागत नाहीत, नुसत्या बघतात. मुकादम एवढा बदनाम, पण हंगामाआधी मजुरांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, रोख मोजतो!

२०२३ च्या हिवाळी अधिवेशनात विधान परिषदेत विचारलं गेलं, पीएचडी करून काय दिवे लावणार? लावू हो, पण कुठे? २०१८ ला यूजीसी म्हणाली, विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी लागेलच. २०२३ ला म्हणाली, नेट-सेट या पात्रता परीक्षा पुरे. मधली वर्षं आमची गेली. अकरा-बारा हजार जागा रिकाम्या आहेत म्हणतात. खरा आकडा तुमच्याकडे असेलच. तोवर आमचे डॉक्टर तासिका तत्त्वावर शिकवतात आणि मानधनाची वाट बघतात.

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला, याचा अभिमान भाषणांत ऐकतो आम्ही. तिथे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्यांच्या हाताखाली एम. एन. श्रीनिवासांनी कर्नाटकातल्या कूर्गच्या लोकांवर पीएचडी केली. आज असते तर त्यांचीही फाइल त्रुटीत गेली असती.

क्षेत्रकार्य हजेरीत धरा आणि थकबाकी सोडा. कृपा करून त्यासाठी समिती नेमू नका.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी