तुझी लिस्ट वाचली गं

चिऊ,

तू पाठवलेली स्क्रॅपबुकच्या, म्हणजे फोटो चिकटवून सजवायच्या वहीच्या, सामानाची लिस्ट वाचली, दोनदा वाचली. चौतीस वस्तू आहेत त्यात, मी मोजल्या, आणि डाय कटिंग मशिनपासून एम्बॉसिंग पावडरपर्यंत त्यातल्या अर्ध्या कशाला लागतात ते तुलाच अजून माहीत नाही, खरं सांग. रागावू नकोस. तू स्क्रॅपबुक करायला घेतेयस याचा मला आनंदच आहे, पण हौसेने आणलेल्या लेसच्या गुंडाळ्यांची माझी पिशवी कपाटावर अजून तशीच बसलीय, त्यामुळे या विषयावर बोलायचा हक्क मला आहे.

आधी दुकान नको, आधी फोटो निवड. एकच विषय घे, एखादी ट्रिप किंवा एखादं वर्ष, वीसेक फोटो बास, आणि साध्या ४ बाय ६ च्या प्रिंट काढून आण. प्रिंटला फोनमधली ओरिजिनल फाइल दे, व्हॉट्सॲपवर फिरून आलेली नको, ती बारीक होऊन आलेली असते आणि ४ बाय ६ ला साधारण १२०० बाय १८०० पिक्सेल असले तर प्रिंट छान येते, फारच कमी असले की चेहरे धुरकट होतात.

फोटो हातात आले की अल्बमची साइज आपोआप ठरते बघ. १२ बाय १२ इंचाचा अल्बम बघितला की सगळ्यांना मोह होतो, एका पानावर चार फोटो बसून वर चार इंचांची पट्टी उरते, दिसतं पण झकास, पण तेवढं पान सजवायला अख्खी संध्याकाळ जाते आणि तुझा स्वभाव मला माहितीय, तिसऱ्या पानावर कंटाळशील. तू ६ बाय ८ चा घे. फोटो आडवा लावलास की बरोबर अर्धं पान लिहायला मोकळं, उभा मधोमध लावलास की चारी बाजूंना एकेक इंच. आणि रिंगवाला घे, म्हणजे मधलं पान नंतर केलं तरी आत सरकवता येतं.

आता खरं काय सांगायचंय ते. आपला तो जुना चिकट पानांचा अल्बम आठवतो ना, वरचं प्लास्टिक टर्रकन उचलायचं, फोटो ठेवायचा, परत दाबून बसवायचं? मॅग्नेटिक अल्बम म्हणायचे त्याला, लोहचुंबकाचा काही संबंध नव्हता, नुसता गोंद होता पट्ट्यापट्ट्यांचा. गेल्या महिन्यात तुझ्यासाठी त्यातून आजीचा फोटो काढायला बसले. दात साफ करायचा फ्लॉस असतो ना तो फोटोच्या मागे घालून दोन्ही हातांनी करवतीसारखा हळूहळू ओढायचा, अर्धा तास गेला, तीन कोपरे सुटले, चौथा काही केल्या सुटेना आणि मी जरा जोर लावला. आजीच्या पदराचा तुकडा तिथेच पानावर राहिला. फोटोच्या मागे तपकिरी पट्टे, गोंदाचे. त्यानंतर बाकीचे फोटो मी काढलेच नाहीत, पानासकट स्कॅन केले.

म्हणून म्हणते, पैसे वाचव पण जे फोटोला चिकटणार किंवा टेकणार आहे त्यात नको वाचवूस. कार्डस्टॉक, म्हणजे पानांचा जाड कागद, घेताना त्यावर ॲसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री असं दोन्ही लिहिलेलं बघ. लिग्निन म्हणजे लाकडातलंच द्रव्य, वर्तमानपत्र पिवळं पडतं ते त्याच्यामुळे, तेव्हा कात्रण लावायचं असेल तर त्याची चांगल्या कागदावर झेरॉक्स लाव. जाडी २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपास असली की पान वाकत नाही. प्लास्टिकचे कव्हर पीव्हीसीचे नकोत, पॉलिप्रॉपिलिनचे घे.

चिकटवायला फोटो कॉर्नर घे, पानावर चिकटवून त्यात फोटोचे कोपरे अडकवायचे ते छोटे त्रिकोण, माझं ऐक. गोंद फोटोला लागतच नाही, उद्या वाटलं तर काढताही येतो. बाकी कागदाला कागद लावायला ॲसिड-फ्री डबल साइडेड टेप. सेलोटेप अजिबात नाही!! गोंदाचा वैताग तसा जुनाच आहे म्हणा, मार्क ट्वेन, तो लेखक, त्याने १८७३ मध्ये आधीच गोंद लावलेल्या पानांच्या स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं, पान ओलं करायचं आणि चिकटवायचं.

पेन एकच, काळं, पिगमेंट इंकचं. बॉलपेनने फोटोच्या मागे लिहू नकोस, पुढून वळ उठतात. कापायला स्टीलची पट्टी, कटर आणि खाली जाड पुठ्ठा, ट्रिमर, म्हणजे कागद सरळ कापायचं यंत्र, नंतर बघू. जुना एकुलता एक फोटो मात्र कापायचा नाही, कॉपी काढून ती काप, आणि इन्स्टंट कॅमेऱ्याचा तर मुळीच नको, त्याच्या आतच केमिकल असतं.

तिकिटं-बिलं जपून ठेवतेस ते चांगलंय, पण त्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या थर्मल असतात, अक्षरं उडून जातात, आत्ताच स्कॅन कर.

स्टिकर, वॉशी टेप (ती नक्षीची कागदी चिकटपट्टी), रिबिनी हे सगळं लिस्टमधून खोडलंय मी. बरं वॉशी टेप एक घे. एकच.

सोबत आठ फोटो पाठवतेय, मधे कागद घालून. एकात तू सायकलवर आहेस, एक चप्पल गायब, मागे काहीच लिहिलेलं नाही. बाबा म्हणतात त्यांनी काढला, मामा म्हणतो त्याने. तुला आठवत असेल तर फोन कर, इथे दोन दिवस वाद चाललाय.

आई