टीव्ही घेताना घरातलं कोण कुठे बसतं ते आधी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीतला टीव्ही खरेदीवरचा लेख मी दोनदा वाचला, कारण आमच्याकडे सध्या तोच विषय चालू आहे. मुलाने घोडबंदर रोडला फ्लॅट घेतलाय आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला तेव्हापासून घरात 55 घ्यायचा की 65 एवढंच चाललंय. लेखात इंच, पिक्सेल, स्पीकर, ॲप्स सगळं आलं, पण टीव्ही समोरून सोडून दुसरीकडून कसा दिसतो ह्यावर एक ओळ नाही. ह्या एका गोष्टीने आमच्या घरात आठ वर्षं त्रास दिलाय म्हणून लिहितेय, पत्र लांबलंय पण शक्यतो पूर्ण छापा.

2005 च्या पाडव्याला आम्ही नौपाड्यातल्या एका दुकानात मोठा टीव्ही घ्यायला गेलो. समोर दोन होते, एक 42 इंची प्लाझ्मा, चपटा, भिंतीवर लावायचा, आणि एक 43 इंची रिअर प्रोजेक्शन, म्हणजे पडद्यावर मागून चित्र पाडणारा, दोन फूट खोल, कपाटासारखा जमिनीवर उभा. प्लाझ्माची किंमत दुपटीच्या वर. ह्यांनी आणि सासऱ्यांनी समोरच्या सोफ्यावर बसून दोन्ही नीट बघितले, चित्र तेवढंच मोठं दिसतंय मग दुप्पट पैसे कशाला द्यायचे म्हणाले, आणि पैशाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. त्यातून तेव्हा घरात केबल यायची ती 576 ओळींची, म्हणजे आजच्यापेक्षा बरीच कमी बारीक, ती त्या वेळच्या प्लाझ्मासारख्या फ्लॅट पॅनलवर ताणून फाटल्यासारखी दिसायची आणि रिअर प्रोजेक्शनवर मऊ आणि छान. सत्तर किलोच्या आसपास वजन, आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, चार हमालांनी दुसऱ्या मजल्यावर चढवला.

आता तो टीव्ही चालतो कसा ते सांगते म्हणजे पुढचं कळेल. खोक्यात खाली तीन छोट्या पिक्चर ट्यूब असतात, लाल हिरवी आणि निळी, प्रत्येकीवर जाड लेन्स, त्यांचं चित्र मागच्या आरशावर पडतं आणि आरशावरून पडद्याच्या पाठीवर. तीन लहान ट्यूबचा उजेड 43 इंचात वाटायचा म्हणजे कमीच पडणार, म्हणून पडदाच असा बनवतात की उजेड सगळीकडे न सांडता समोर बसलेल्याकडे जावा. आमच्या पडद्यावर बोट फिरवलं की उभ्या बारीक रेषा हाताला लागायच्या, त्या रेषा उजेड डावी-उजवीकडे जरा पसरवतात, वर-खाली जवळजवळ नाहीच. म्हणजे सोफ्यावर बसलेल्या माणसाला झकास चित्र, आणि उभं राहिलात की तेच चित्र काळवंडतं, खाली चटईवर बसलात तरी तेच.

आमच्या 10 बाय 14 च्या हॉलमध्ये सोफ्यावर कोण? सासरे आणि हे. मुलं चटईवर. सासूबाई दिवाणावर आडव्या. आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं, पण एवढ्या पैशाचं ते चित्र आठ वर्षं दोन माणसांनाच नीट दिसलं.

24 सप्टेंबर 2007, टी-ट्वेंटी वर्ल्डकपची फायनल, भारत-पाकिस्तान, गणपतीचे दिवस म्हणून घरात पाहुणे, मी कुकर लावून दारात येऊन उभी राहिले. शेवटची ओव्हर, जोगिंदर शर्मा बॉलिंगला, मिसबाहने बॉल मागे उचलला आणि तो बॉल मला दिसेनाच. दारातून वरचा अर्धा पडदा नुसता करडा. सगळे ओरडले, मी विचारतेय काय झालं काय झालं, श्रीशांतने कॅच घेतला आणि आपण पाच रननी जिंकलो हे मला आवाजावरून कळलं. रिप्ले मी गुडघ्यावर बसून बघितला.

दुसरं म्हणजे उजेड. रिअर प्रोजेक्शनला खोलीत अंधार लागतो. दुपारी सासूबाईंच्या सिरीयलचं रिपीट लागायचं तेव्हा पडदे ओढायचे, रात्री ट्यूबलाइट बंद, कारण ट्यूब तशीच्या तशी पडद्यात दिसायची. मेथी निवडायची तर त्या अंधारात, मुलांचा अभ्यास आत, वर्तमानपत्र वाचायचं तर बाल्कनीत. टीव्हीसाठी पूर्ण खोली थांबते हे दुकानात कोणाच्या लक्षातच येत नाही, कारण तिथे कोणी मेथी निवडत नाही.

बाकीचं पटकन सांगते. तिन्ही रंग एकमेकांवर बरोबर बसायला लागतात, त्याला कन्व्हर्जन्स म्हणतात. साफसफाईला टीव्ही हलवला की पांढऱ्या अक्षरांना एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळी कड यायची, मग हे रिमोट घेऊन पडद्यावरच्या अधिकच्या खुणेवर रेषा जुळवत बसायचे. नेरुळला माझ्या बहिणीकडे दुसऱ्या प्रकारचा होता, डीएलपी, त्यात ट्यूब नाही, बारीक आरशांची चिप आणि मागे दिवा. जुळवायची भानगड नाही आणि चित्र आमच्यापेक्षा उजळ, पण दिवा काही हजार तासांनी मंद होतो आणि बदलावा लागतो, आणि वरून-बाजूने बघायचं रडगाणं तिथेही होतंच.

2013 मध्ये आमच्या टीव्हीचे तिन्ही रंग वाकडेतिकडे सुटले, कन्व्हर्जन्स सांभाळणारा आयसी, म्हणजे आतली चिप, गेला होता, आधी एकदा मेकॅनिकने बदलून दिला होता, पण ह्या वेळी पार्टच मिळेना. तोपर्यंत रिअर प्रोजेक्शन बाजारातून गेलेच होते, मित्सुबिशी शेवटपर्यंत बनवत होती त्यांनीही 2012 च्या डिसेंबरात बंद केल्याचं जाहीर केलं. पॅनासोनिकने 2013 मध्ये प्लाझ्मा बनवणं थांबवलं, म्हणजे कुठूनही सारखं दिसणारं जे होतं ते पण हळूहळू गेलं, आणि राहिला मुख्यतः एलसीडी, मागून दिवे लावलेला चपटा पडदा.

लोकांना वाटतं फ्लॅट पॅनल आला आणि प्रश्न मिटला. उजेडाचा खरंच मिटला, आता ट्यूबलाइट लावून टीव्ही बघता येतो आणि माझी मेथी उजेडात निवडून होते. पण बाजूने दिसण्याचा नाही मिटला. एलसीडीत पॅनलचे, म्हणजे आतल्या पडद्याचेच, मुख्य दोन प्रकार येतात, व्हीए आणि आयपीएस. व्हीएमध्ये समोरून काळा रंग खरा काळा दिसतो, पण बाजूला गेलं की रंग धुतल्यासारखे फिके. आयपीएस बाजूनेही रंग धरून ठेवतो, पण रात्री दिवे बंद करून सिनेमा लावला की काळ्याचा करडा होतो. ओएलईडी, ज्यात मागे दिवा नसतो आणि प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, तो दोन्हीकडून चांगला, पण किंमत बघा. आणि त्रासाची गोष्ट म्हणजे खोक्यावर हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं, एकाच सिरीजमध्ये 43 ला एक पॅनल आणि 55 ला दुसरं असंही असतं. तुमच्या लेखात "सगळे 4के सारखेच, बजेटप्रमाणे मोठ्यात मोठा घ्या" असं लिहिलंय ते म्हणून मला पटलं नाही.

मुलाच्या फ्लॅटला ओपन किचन आहे, ओटा टीव्हीच्या भिंतीला जवळजवळ लागूनच, म्हणजे ओट्याशी जो उभा राहील तो एकदम तिरप्याने बघणार. मागच्या आठवड्यात आम्ही शोरूमला गेलो तर सगळे टीव्ही भिंतीवर उंच लावलेले, रंग भडक करणाऱ्या व्हिव्हिड मोडला, आणि त्यावर फुलं आणि पोपट. मी सेल्समनला म्हटलं पॅनल कुठलं आहे, तो म्हणाला मॅडम 4के आहे, म्हणजे पिक्सेल किती ते सांगितलं, पॅनल नाहीच. मग मी माणसांचे चेहरे असलेला न्यूज चॅनल लावायला सांगितला, मोड स्टँडर्ड करून घेतला आणि टोकाला जाऊन उभी राहिले. शेजारी शेजारी लावलेले दोन टीव्ही, एकच किंमत, एकातल्या निवेदिकेचा चेहरा जसाच्या तसा, दुसऱ्यातला पिठासारखा पांढरा. समोर उभ्या असलेल्या मुलाला दोन्ही सारखेच वाटत होते, त्याला हाताला धरून माझ्या जागी आणला तेव्हा त्याला पटलं.

तर संपादक साहेब, पुढच्या पुरवणीत टीव्हीवर लिहाल तेव्हा दोन गोष्टी नक्की घाला. कुठल्या मॉडेलला कुठलं पॅनल आहे ते कंपन्यांना विचारून छापा, आणि वाचकांना सांगा की दुकानात तिरप्याने, उभं राहून आणि खाली बसून बघा, दुकानदार काय म्हणेल त्याची लाज धरू नका. इंटिरियरवाले टीव्ही फार वर लावतात त्यावरही लिहा, दिवाणावर आडव्या पडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तो खालून बघावा लागतो.

ह्या रविवारी आम्ही परत जाणार आहोत. ओटा ते टीव्हीची भिंत किती फूट ते मी मोजून आणलंय, सूनबाई आधी तेवढ्या अंतरावर बाजूला उभी राहून बघेल, मग मुलगा समोर बसेल.

आपली,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (प.)