टाऊन हॉल संग्रहालयात दर महिन्याला मोफत व्याख्यान हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट 2024 मध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा कोल्हापूरच्या डोळ्यांत पाणी होते. जुलै 2025 मध्ये पन्हाळा आणखी अकरा किल्ल्यांसोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा हेच गाव अभिमानाने भरून आले. आपल्या वारशावर जीव टाकणारे हे गाव आहे. पण हा वारसा नेमका काय आहे, तो कसा कळला, त्याला पुरावा काय, हे सामान्य माणसाला समोर बसून ऐकायला कुठे मिळते? जागतिक वारसा सप्ताह आला की कुठे प्रदर्शन, कुठे भाषण होते, आणि पुन्हा सगळे शांत. म्हणून हे पत्र. टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात दर महिन्याच्या ठरलेल्या रविवारी कोल्हापूरच्या इतिहासावर एक व्याख्यान व्हावे, आणि ते सर्वांना मोफत असावे.

माझे आयुष्य उद्यमनगरात ओतकामाच्या धंद्यात गेले. या संग्रहालयातली सर्वांत नामांकित वस्तू म्हणजे ब्राँझची एक मूर्ती. वीतभरही उंच नाही. ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची ती मूर्ती आहे. फाउंड्रीत काम करणाऱ्या कोणालाही ती पाहिल्यावर पहिला प्रश्न पडतो तो ओतकामाचा. मेणाचा साचा करून ओतली असेल का? तांब्यात कथील किती घातले असेल? इतक्या लहान आकारात अंगाची वळणे इतकी स्वच्छ कशी उतरली? पाटीवर नाव आणि काळ लिहिता येतो, एवढे सगळे पाटी कशी सांगणार? त्याला जाणकार माणूसच समोर हवा, आणि त्याला थांबवून विचारण्याची मुभा हवी. आमच्या भागात लेथवर आणि भट्टीवर काम करणारी हजारो माणसे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचे हे काम त्यांना कोणीतरी नीट उलगडून दाखवायला हवे, असे मला मनापासून वाटते.

ही मूर्ती सापडली ती ब्रह्मपुरीत, पंचगंगेच्या काठावरच्या टेकडीवर. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले. सातवाहनकाळातल्या विटांच्या घरांचे अवशेष मिळाले आणि त्यांच्या वरच्या थरांत पुढच्या शतकांच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या. ब्रह्मपुरीतल्या वस्तूंमध्ये रोमन घडणीचा ब्राँझचा आरसा आहे, हत्ती आणि त्यावर बसलेली माणसेही आहेत. या वस्तू जतन करण्यासाठीच 1946 मध्ये हे संग्रहालय उभे राहिले. पावसाळी वाऱ्यांवर अरबी समुद्र ओलांडून जहाजे कोकणच्या बंदरांत येत, तिथून माल घाट चढून देशावर पोचे, आणि त्या व्यापारात आपले गाव होते. कोल्हापूर परिसरात त्या काळी विलिवायकुर, सिवलकुर अशा नावांच्या राजांची शिशाची नाणी चालत आणि त्यांवर धनुष्यबाण कोरलेला असे. गावातल्या किती मुलांना ही नावे ठाऊक आहेत? आपला इतिहास एकदम सतराव्या शतकापासून सुरू होतो असे मानून आपण पुष्कळ काही गमावतो आहोत. आज ब्रह्मपुरीवर दाट वस्ती आहे. आपल्या घराच्या पायाखाली काय आहे, हे ऐकण्याचा पहिला हक्क तिथल्याच लोकांचा आहे.

विषयांना तोटा नाही. अंबाबाईचा किरणोत्सवच घ्या. 9, 10, 11 नोव्हेंबरला आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन देवीकडे जातात. आपण सगळे गर्दी करतो, हात जोडतो. पण हेच दिवस का? मंदिर पश्चिमाभिमुख आहे. 21 डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो. त्याच्या साधारण सहा आठवडे आधी आणि तितकेच नंतर तो क्षितिजावर एकाच जागी मावळतो. म्हणून वर्षातून दोनदा. वाटेत इमारती उंच झाल्या की किरणे का अडतात, हेही मग कोणाला वेगळे समजवावे लागणार नाही. असा एक तास ऐकलेला माणूस महाद्वार रोडवरच्या बांधकामाकडे वेगळ्या नजरेने पाहील.

तसेच तळ्यांचे. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ. कपिलतीर्थाच्या जागी मंडई आहे. जोराचा पाऊस झाला की गांधी मैदानात पाणी का साठते, याचे उत्तर या जुन्या तळ्यात आहे, आणि 2019 आणि 2021 चे महापूर सोसलेल्या गावाने ते ऐकायलाच हवे. खासबागेबद्दलही तेच. शाहू महाराज 1902 मध्ये युरोपला गेले, रोममधले प्राचीन आखाडे त्यांनी पाहिले, आणि 1912 मध्ये आपले कुस्तीचे मैदान उभे राहिले. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती स्पष्ट दिसावी अशी उतरती बैठक तिथे कशी साधली, हे एखाद्या वास्तुविशारदाने सांगावे आणि शेजारी जुन्या वस्तादांना बसवावे.

मोफत का, असे कोणी विचारील. फुकट मिळाले की किंमत राहत नाही, हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे आणि मला ते पटत नाही. याच संस्थानात 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा निर्णय झाला. तिकीट पन्नास रुपयांचे असले तरी मंडईतली भाजीवाली, रिक्षावाला, तालमीतली पोरे येणार नाहीत, आणि मला तीच माणसे तिथे हवी आहेत. व्याख्यात्याला मात्र मानधन द्यावे. त्याचा भार पुरातत्त्व विभागाने, महापालिकेने आणि गावातल्या उद्योजकांनी मिळून उचलावा. ती रक्कम मोठी नाही.

दोन-तीन गोष्टी कळकळीने सांगतो. व्याख्यान म्हणजे व्याख्यानच असावे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल, श्रीफळ, मान्यवरांची मनोगते यांत तासभर जातो आणि ज्याला ऐकायला लोक आलेले असतात त्याला वीस मिनिटे मिळतात, हे इथे होऊ नये. वेळ कामगाराला जमणारी असावी. भाषा आपली, साधी असावी. शक्य तिथे वस्तू समोर ठेवून बोलावे. नंतर प्रश्नांना अर्धा तास राखावा आणि प्रश्न विचारणाऱ्याला कोणी गप्प करू नये. इतिहासावरून गावात किती लवकर वातावरण तापते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. मोबाइलवर आलेल्या मजकुराला मूळ नाणे, मूळ शिलालेख, मूळ कागद समोर ठेवून उत्तर देता येईल अशी जागा गावात संग्रहालयाइतकी दुसरी नाही.

कागदांवरून आठवले. जुन्या पेठांतल्या अनेक घरांत ट्रंकेत मोडी कागद पडून आहेत: इनामाचे, वाटणीचे, पतपेढ्यांचे. वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत जातात किंवा पुराच्या पाण्यात भिजून जातात. व्याख्यानाच्या दिवशी मोडी जाणणारा एक माणूस टेबल टाकून बसला, तर लोक आपापले कागद घेऊन येतील. त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि मूळ कागद ज्याचे त्याला परत द्यावेत.

टाऊन हॉलची इमारत 1870 च्या दशकात चार्ल्स मँट यांच्या आराखड्यावरून उभी राहिली, न्यू पॅलेसही त्यांच्याच आराखड्याचा. भोवती मोठ्या झाडांची बाग आहे. पावसाळा सोडला तर सकाळी त्या सावलीत दोनशे माणसे सहज बसतील. पुरातत्त्व विभागाने परवानगी द्यावी आणि पहिला विषय ब्रह्मपुरी ठेवावा. खुर्च्या, सतरंज्या आणि ध्वनिक्षेपक यांची सोय आम्ही उद्यमनगरातली मंडळी करतो, आणि त्या रविवारी भट्ट्या बंद ठेवून कामगारांना घेऊन येण्याची जबाबदारी माझी.

आपला,
एक वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर