वहिनींनी रिमोट का उचलला?

महोदय,

स्त्रियांच्या मनात दडलेल्या इच्छांवरचे आपले चित्रपट परदेशात वाखाणले जातात, हा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. पटला, पण अर्धाच.

'लिपस्टिक अंडर माय बुरखा'ला २०१६ साली टोकियोच्या महोत्सवात 'स्पिरिट ऑफ एशिया' पुरस्कार मिळाला. पुढच्याच जानेवारीत आपल्या सेन्सॉर बोर्डाने त्याला 'लेडी ओरिएंटेड' ठरवून प्रमाणपत्र नाकारलं. (हा दोष आहे हे मला तेव्हाच कळलं.) अपिलात 'ए' मिळून तो जुलै २०१७मध्ये लागला. बोर्डाला हसणं सोपं आहे. मी माझ्या घरातलं सांगते.

इफ्फी (भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) २००४ साली गोव्यात आली. निवृत्त झाल्यापासून मी नि शेजारच्या वहिनी कदंबाच्या बसने पणजीला जाऊन तिथले चित्रपट बघतो. एकदा एका परदेशी चित्रपटात साठीची विधवा प्रेमात पडली. वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "बिचारी किती वर्षं एकटी जेवली गो!"

त्याच वहिनींसोबत घरी 'लिपस्टिक' लावला. भोपाळची पंचावन्न वर्षांची बुआजी पोहायला शिकायला जाते. नाव विचारल्यावर अडखळते. सगळ्यांची बुआजी होता होता 'उषा' कुठे राहिली, ते तिलाच आठवावं लागतं. इथवर वहिनी रंगल्या होत्या. मग बुआजी फोनवर कुजबुजू लागली आणि नेमका माझा मुलगा पाणी प्यायला आला. वहिनींनी रिमोट उचलून क्रिकेट लावलं. मीही अडवलं नाही.

टोकियोला भोपाळ लांब, आम्हाला युरोप लांब. लांबची बाई उद्या देवळात भेटणार नसते, म्हणून तिचं सगळं चालतं.

आणि आम्ही काही जन्मजात लाजाळू नाही. पौषात मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या अंगणात, बायकांचे धालो असायचे, रात्रीची गाणी नि नाच. शेवटच्या रात्री सोंगं निघत, तेव्हा आजीच्या वयाच्या बायका जे बोलत ते ऐकून सेन्सॉर बोर्ड चपला हातात घेऊन पळालं असतं! पण आमच्या मांडावर तेव्हा पुरुष नसत.

तेव्हा विनंती एवढीच, की असे चित्रपट पणजीत अडकवून ठेवू नयेत. साखळीच्या रवींद्र भवनात दुपारचा एखादा खेळ फक्त बायकांसाठी, मराठी उपशीर्षकांसह ठेवावा. वहिनींना विचारलंय. "तुझा मुलगा नसेल तर येते," म्हणाल्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, डिचोली