नरक्याचा काढा नको

महोदय,

सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात कॅन्सरविरोधी कॅम्प्टोथेसिन असते, हे खरे. म्हणून त्याच्या सालीचा काढा कुणी सुचवला, तर कृपया घेऊ नका. (हे संयुग १९६६मध्ये मन्‍रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून मिळवले होते.)

पेशीतले टोपोआयसोमरेज-१ हे विकर (एन्झाइम) डीएनएचा एक धागा कापते, पीळ सोडवते आणि धागा पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन त्याला जोडणीआधीच अडकवते. डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा तिथे आदळली की दोन्ही धागे तुटतात. अस्थिमज्जा आणि आतड्यातल्या निरोगी पेशीही यातून सुटत नाहीत. शिवाय हे संयुग पाण्यात जेमतेम विरघळते, आणि रक्तात त्याच्या रेणूतले ‘लॅक्टोन’ हे वलय उघडून ते बरेचसे निकामी होते. सत्तरच्या दशकात त्याचा सोडियम क्षार रुग्णांना दिला, तर मूत्राशयातून रक्तस्राव झाला! म्हणून त्यापासून इरिनोटेकान, टोपोटेकान ही औषधे बनवावी लागली. त्यांची मात्राही शरीराचे क्षेत्रफळ मोजून आणि पांढऱ्या पेशी तपासून ठरते. सालीतले प्रमाण तर झाडागणिक बदलते.

ठाणे-खारघर परिसरात केमोथेरपी घेणाऱ्यांनी हळदीच्या कॅप्सूलपासून कोणत्याही पुडीपर्यंत जे काही चालू असेल, त्याचे पाकीट पुढच्या मात्रेआधी डॉक्टरांना दाखवावे.

— औषधनिर्माणशास्त्राच्या अध्यापिका, ऐरोली