सही मागे घेतेय

मा. संपादक,

व्यसनमुक्ती केंद्र आमच्या वस्तीत नको म्हणून जे निवेदन फिरतंय त्यावर माझीपण सही आहे. शेजारच्या काकू कागद घेऊन दारात आल्या, शाळा जवळ आहे, मुली संध्याकाळी क्लासवरून एकट्या येतात म्हणाल्या, मी नीट वाचलंही नाही आणि सही करून मोकळी झाले. ती सही मी मागे घेतेय. का ते इथे लिहितेय कारण परवाच्या मीटिंगमध्ये बोलायला उठले होते पण दोन वाक्यांतच गळा भरून आला आणि बसले.

माझा मोठा भाऊ दारू प्यायचा. म्हणजे रोज, सकाळी उठल्यापासून. एकदा घरच्यांनी ठरवलं आता बास, खोलीत ठेवायचं, तीन दिवसांत आपोआप सुटेल. पहिल्या दिवशी हात थरथरायला लागले, घामाने गादी भिजली, आम्हाला वाटलं नाटकं करतोय, रात्री त्याला फिट आली तेव्हा घाबरलो तरी चार लोकांत बोभाटा नको म्हणून गप्प बसलो, आणि तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसायला लागले, मला ओळखेना. मग हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की साधारण ४८ ते ९६ तासांत असं होऊ शकतं, माणूस जाऊ पण शकतो, गोळ्या देऊन हळूहळू उतरवावं लागतं, बी-१ व्हिटॅमिन द्यावं लागतं, रात्रभर कोणीतरी लक्ष ठेवायला लागतं. आम्ही काय केलं होतं, तर बाहेरून कडी लावली होती.

तेव्हा तो वाचला. खरं कठीण पुढेच होतं. केंद्र लांब, दोन गाड्या बदलून जायचं, एका फॉलोअपला अख्खा दिवस आणि बरोबर जाणाऱ्याची सुट्टी. पहिले दोन महिने दर आठवड्याला गेलो, मग एकदा राहिलं, मग पुढच्या आठवड्यात जाऊ, मग त्याचा तोच म्हणाला मी बरा आहे आता. सहा महिन्यांत परत सुरू. दुसऱ्यांदा न्यायला आम्ही उशीर केला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आणि आता आमच्यापासून चालत जाता येईल अशा जागी केंद्र होतंय, तर मीच विरोधाची सही करतेय!

मीटिंगमध्ये सगळे म्हणत होते बाहेरचे गर्दुल्ले इथे येतील. अहो, पिणारे काय केंद्र उघडल्यावर तयार होणारेत का? ते आत्ता आपल्याच गल्लीत आहेत, फक्त दार लावून आहेत, जसे आम्ही होतो. चोऱ्यामाऱ्यांची भीती मलाही होती म्हणून शोधून वाचलं. अमेरिकेत बाल्टिमोरला संशोधकांनी मेथाडोन (हेरॉईन-ब्राऊन शुगरवाल्यांना व्यसन सोडवायला देतात ते औषध) देणाऱ्या केंद्रांच्या आसपासचे पोलिसांकडे नोंदलेले गुन्हे तपासले, २०१२ मध्ये ते छापून आलं, केंद्राच्या जवळ जावं तसे गुन्हे वाढतात असं काही दिसलं नाही, उलट रोजच्या सामानाच्या छोट्या दुकानांजवळ तसं दिसलं. एका शहराचा अभ्यास आहे, सगळीकडे तसंच असेल असं मी म्हणत नाही, पण "होणारच" म्हणून ठणकावणाऱ्यांकडे तर तेवढंही नव्हतं.

केंद्र गावाबाहेर लांब न्या ही सूचना ऐकायला बरी वाटते. पण मेथाडोन निदान सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी रोज केंद्रात जाऊन समोर घ्यायला लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन आणि त्याच कामाचं ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधं २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली, म्हणजे हे कोणाचं खूळ नाही. आता रोज जायचं आणि केंद्र गावाबाहेर, कामधंदा करणारा माणूस किती दिवस जाईल? आणि उपचार सुटला की आणखी वाईट, मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते, हा परत जुन्याच मापाने घेतो आणि जातो.

सगळ्या शंका फालतू आहेत असंही नाही. सकाळी रांग लागेल, गाड्या रस्त्यावर लागतील, शाळा सुटायची वेळ आणि त्यांची वेळ एक व्हायला नको, हे बोलायलाच पाहिजे. फ्लॅटचे भाव पडतील हे एकजण स्पष्ट म्हणाला, निदान खरं तरी बोलला, बाकीचे त्याच गोष्टीला मुलींची सुरक्षितता म्हणत होते (मीपण त्यातलीच).

पण पावणेदोन तासांत एकानेही विचारलं नाही की रात्री तिथे डॉक्टर असणार का. परवाना कोणाचा, सायकियाट्रिस्ट रोज येणार की नुसतं बोर्डावर नाव, पेशंटला मारहाण किंवा कोंडून ठेवणं होणार नाही हे कोण बघणार, घरच्यांना भेटू देणार ना, तक्रार कुठे करायची. व्यसनमुक्तीच्या नावाखाली माणसं डांबणाऱ्या जागाही असतात, तसलं काही निघालं तर मी स्वतः विरोधात उभी राहीन. पण ते कळायला आधी त्यांना समोर बसवून विचारायला लागेल ना, आपण तर त्यांना मीटिंगला बोलावलंच नव्हतं.

निवेदन देणाऱ्यांना विनंती, यादीतून माझं नाव खोडा. आणि पुढच्या मीटिंगला केंद्रवाल्यांना बोलवा, रात्रपाळीचा प्रश्न मी विचारते, यावेळी लिहून आणते म्हणजे गळा भरून आला तरी वाचता येईल.

आपली,
एक वाचक