पिंपळाचं पान आणि कबुतरं

आयोवा सिटी

तीर्थरूप काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

चिनूला विज्ञान प्रदर्शनासाठी गच्चीवरच्या कबुतरांना पिंपळाचं पान ओळखायला शिकवायचंय ना? जमेल. फोटोत माणूस आहे की नाही, हे हार्नस्टाइन आणि लव्हलँड या संशोधकांनी १९६४ मध्येच कबुतरांना शिकवलं होतं.

फक्त चार-पाच पानांवर भागवू नका. कबुतराची आठवण दांडगी. १९८४ च्या एका प्रयोगात कबुतरांनी ३२० चित्रं लक्षात ठेवली. पानं थोडी असली की पिंपळ कळतच नाही, तीच पानं पाठ होतात. पिंपळाची चाळीस आणि वड, उंबर, आंबा, जांभूळ मिळून चाळीस घ्या. कृष्णाकाठी पानांना काय तोटा! आकार काळ्या कागदातून कापून पांढऱ्या कार्डावर चिकटवा. काळा भाग सगळीकडे सारखाच हवा, नाहीतर पक्षी 'जास्त काळं ते बरोबर' एवढंच धरतो. मोबाईलवर दाखवू नका. पडद्याचे रंग माणसाच्या डोळ्यासाठी असतात, कबुतराला आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही दिसतो.

सकाळी दाणे टाकायच्या आधी बसायचं. प्रयोगशाळेत वजन मुद्दाम उतरवतात, ते घरी अजिबात करू नका. एका वेळी एकच पक्षी, समोर दोन कार्डं: एक पिंपळाचं, एक दुसऱ्या झाडाचं. पिंपळावर चोच मारली की दोन-तीन सेकंद शाळूची वाटी पुढे. चुकलं तर कार्डं दहा सेकंद झाकायची आणि तीच जोडी पुन्हा दाखवायची. मोजताना मात्र पहिलीच चोच धरा. पिंपळ डावीकडे की उजवीकडे हे नाणं उडवून ठरवा, पण एकाच बाजूला लागोपाठ जास्तीत जास्त तीनदाच. नाहीतर कबुतराला एका बाजूची खोड लागते, आणि ती मोडताना जीव जातो. चिनूने फळीमागे बसावं. त्याची नजर कुठे जाते तेही पक्षी हेरतो.

रोज बरोबर उत्तरं ऐंशी टक्क्यांवर टिकली की कधीच न दाखवलेली दहा पिंपळपानं नेहमीच्या जोड्यांत अधूनमधून मिसळा. त्या वेळी चोच कुठेही मारली तरी दाणे द्या, म्हणजे परीक्षेतच नवं शिकणं होणार नाही. नुसत्या नशिबाने निम्मी बरोबर येतात, हे तक्त्यावर लिहायला सांगा.

शेवटी काही पानांचं लांब टोक कापून दाखवा. सेरेला या संशोधकाच्या प्रयोगात व्यंगचित्राचे तुकडे उलटसुलट जोडले तरी कबुतरांनी ते पात्र ओळखलं होतं. म्हणजे पूर्ण आकृती नसली तरी त्यांना तुकडे पुरतात. टोक गेल्यावर उत्तरं कोसळली, तर चिनूचं कबुतर टोकावरच चाललं होतं. परीक्षकांना मी हाच तक्ता आधी दाखवला असता.

काकूंना नमस्कार, चिनूला आशीर्वाद.

आपला,
सुहास